कपडे ढगळ दिसतात ते रुंदीमुळे कमी, लांबीमुळे जास्त: फिटिंगच्या छोट्या दुरुस्त्या

शर्ट ढगळ वाटला की आपण कोपऱ्यावरच्या टेलरकडे जातो आणि सांगतो, "काका, बाजूनं जरा टाइट करा." काका दोन्ही बाजूंनी टीप मारतात. शर्ट परत येतो तेव्हा ढगळ नसतो, पण विचित्र असतो. बाही अजून पंजावर उतरते, खांद्याची शिवण दंडावर लोंबते आणि पोटाशी मात्र बटणं ताणली जातात. घेर कमी केला, आणि बिनसलं होतं लांबीत.

रोजच्या कपड्यांत हे फार वेळा होतं. बाही, पँट, कुर्ता, कुठलीतरी लांबी इंच-दोन इंच जास्त असते आणि त्यामुळे सगळा कपडाच मोठा वाटतो. म्हणून दुरुस्तीचा क्रम असा ठेवा: आधी खांदा, मग लांबी, आणि घेर सगळ्यात शेवटी. लांबी नीट झाली की घेराला हात लावायची गरज बऱ्याचदा उरत नाही.

तयार कपडा अंगावर चपखल बसत नाही यात तुमच्या अंगाचा दोष नाही. आपल्याकडचे साइझ बरीच वर्षं परदेशी तक्त्यांवरून थोडेफार फेरफार करून बेतले गेले. निफ्ट या राष्ट्रीय फॅशन संस्थेनं 'इंडियासाइझ' प्रकल्प हाती घेतला तो यासाठीच. सहा शहरांत थ्रीडी स्कॅनरनं 25 हजारांवर लोकांची मापं घ्यायची आणि भारतीय अंगाचा तक्ता बनवायचा, अशी ती योजना. असा तक्ता दुकानांत रुळेपर्यंत एका कंपनीचा एल दुसऱ्या कंपनीचा एम निघणार, हे गृहीत धरून चाला.

आधी सुरकुत्या वाचा

कपडा घाला. आत जे नेहमी घालता तेच घाला, पायात नेहमीची चप्पल किंवा बूट हवेत. खिडकीजवळ हात सैल सोडून उभे राहा आणि घरातल्या कुणाला तरी पुढून, बाजूनं आणि पाठीमागून फोटो काढायला सांगा. आरशात मान वळवून पाठ बघायला गेलं की कपडाही पिळतो, त्यामुळे आरशातली पाठ खरी नसते.

आता फोटोत कापडाच्या चुण्या बघा. आडव्या चुण्या म्हणजे तिथे कपडा घट्ट आहे. उभ्या, लोंबणाऱ्या चुण्या म्हणजे तिथे कापड जास्त आहे. तिरप्या चुण्या एखाद्या ठिकाणाकडे बोट दाखवतात. त्या जिथून निघतात तिथेच कुठेतरी ओढ असते: छातीचं टोक, खांद्याचं हाड, मांडीचा वरचा भाग. शर्टाच्या बटणाभोवती फुलीसारख्या चुण्या पडत असतील तर त्या बटणापाशी घेर कमी पडतोय. अशा शर्टाला "बाजूनं टाइट" करायला देणं म्हणजे दुखणं वाढवणं.

धुतल्याशिवाय कात्री लावू नका

नवा सुती किंवा खादीचा कपडा पहिल्या एक-दोन धुण्यांत आटतो, आणि आटतो तो बहुधा लांबीत. आज पँट टाचेपर्यंत बरोबर कापून घेतली की पुढच्या आठवड्यात ती घोट्यावर येते. म्हणून सुती कपडा आधी धुवा, वाळवा, इस्त्री करा आणि मगच मापाला बसा. साडीच्या फॉललाही हेच लागू. कोरा सुती फॉल तसाच लावला तर धुतल्यावर तो आखडतो आणि साडीचा काठ गोळा होतो. फॉल रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मग लावायचा. पिको-फॉलला साडी टाकताना "फॉल भिजवलेला आहे ना?" एवढं विचारायला विसरू नका.

खांदा: इथे घासाघीस नाही

खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर बसली पाहिजे. अर्धा इंच इकडेतिकडे चालतं. इंचभर खाली उतरली असेल तर टेलरला बाही पूर्ण उसवून, खांदा कापून, मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, नव्यानं आखून बाही परत बसवावी लागते. काम मोठं, खर्च मोठा, आणि शर्ट साधा असेल तर तो खर्च वसूल होत नाही. मुद्दाम खांदा उतरता ठेवलेले ढगळ टी-शर्ट यातून वगळा, ते तसेच शिवलेले असतात. बाकी कपडा विकत घेताना आधी खांदा बघा आणि तो बसत नसेल तर रंगाच्या मोहात पडू नका.

मुंढ्याचाही असाच घोटाळा असतो. हात वर केला की आख्खा कुर्ता वर चढतो आणि आपल्याला वाटतं बगलेत घट्ट आहे. खरं तर मुंढा फार खोल असतो म्हणून बाही कुर्त्याला सोबत ओढते. मुंढा वर घेणं अवघड, पण बगलेत कापडाचा छोटा चौकोनी तुकडा बसवता येतो. जुन्या सरळ कापाच्या कुर्त्यांना बगलेत असा तुकडा असायचाच, त्यामुळे जुन्या हाताच्या टेलरला हे काम समजावून सांगावं लागत नाही.

शर्ट

फुल बाही मनगटाच्या हाडापर्यंत हवी. अर्धा-पाऊण इंच लांब असेल तर बाही कापायची गरज नाही. कफाचं बटण सरकवा. बटण उसवून अर्ध्या-पाऊण इंचानं आत लावलं की कफ मनगटावर अडतो, पंजावर घसरत नाही आणि जास्तीची बाही वर थोडी फुगून राहते, ती कुणाला दिसत नाही. दहा मिनिटांचं, सुई-दोऱ्याचं काम. बटण लावताना कापड आणि बटण यांच्यामध्ये आगकाडी धरून टाके घाला. मग काडी काढून उरलेल्या दोऱ्यानं बटणाखाली दोन-तीन वेढे द्या. बटणाखाली दोऱ्याची छोटी मान तयार होते आणि काजात घातल्यावर ते कापड ओढत नाही.

बाही दुमडायची असेल तर कफाच्या रुंदीएवढ्या घड्या घालत वर जाऊ नका. दंडावर जाड वळी होते. त्याऐवजी कफ उलटा करून एका झटक्यात कोपराच्या जरा खालपर्यंत वर घ्या. मग खाली उरलेली उलटी बाही अर्ध्यात दुमडून कफावर आणा, कफाची वरची कड थोडी दिसू द्या. ही घडी दिवसभर टिकते.

शर्ट बाहेर सोडून घालत असाल तर त्याची लांबी पँटच्या मागच्या खिशाच्या मध्यापर्यंत हवी. खिसा पूर्ण झाकला गेला तर पाय आखूड दिसतात. खोचायचे म्हणून शिवलेले शर्ट, ज्यांचा तळ पुढेमागे गोलाईत लांब असतो, ते बाहेर सोडल्यावर हमखास ढगळ वाटतात. त्यांची लांबी दोनेक इंच कमी करून तळ थोडा सरळ करून घेतला की शर्ट बदलल्यासारखा वाटतो. घेर तोच राहिला, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

खोचायच्या शर्टात घेर जास्त असेल तर दोन उपाय आहेत. पहिला फुकटचा: शर्ट पँटीत घाला, दोन्ही बाजूंच्या शिवणी चिमटीत धरा, जास्तीचं कापड पाठीकडे सपाट दुमडा आणि तसंच खोचून पट्टा लावा. पुढून शर्ट एकदम चापूनचोपून दिसतो. फोटोपुरतं किंवा मुलाखतीपुरतं हे ठीक. बाइकवरून ऑफिसला पोचेपर्यंत ते सुटतं.

टिकाऊ उपाय म्हणजे पाठीत दोन टक्स. शर्ट उलटा घालून पाठीवर, कण्यापासून दोन्हीकडे साधारण तीन-साडेतीन इंचांवर, उभी चिमटी टाचण्यांनी पकडा. चिमटी बगलेच्या तीनेक इंच खाली शून्यापासून सुरू होते, कंबरेवर अर्धा इंच खोल होते आणि सीटपाशी परत शून्यावर येते. अर्धा इंच खोल म्हणजे दुमडीत एक इंच कापड गेलं, म्हणजे दोन टक्समध्ये मिळून दोन इंच घेर कमी. आधी हातानं कच्चे टाके घाला, शर्ट घालून बसून बघा, हात पुढे करून बघा, आणि मगच मशीन चालवा. टीप संपताना उलटसुलट मारून गाठ करू नका, तिथे कापड गोळा होतं. दोरा लांब सोडून हातानं गाठ मारा. टक्सची मोठी सोय म्हणजे कापड कापलेलं नसतं. वजन वाढलं तर उसवा, इस्त्री फिरवा, झालं.

छातीशी दोन बटणांच्या मधे फट पडत असेल, हा बायकांच्या शर्टांचा नेहमीचाच त्रास, तर पट्टीच्या आतल्या बाजूनं त्या फटीवर छोटं प्रेस बटण लावा. पट्टीच्या फक्त आतल्या थराला टाके घ्यायचे, म्हणजे बाहेरून काही दिसत नाही. सेफ्टी पिनेपेक्षा कितीतरी बरं. पिनेनं कापडाला भोकं पडतात आणि नेमकी ती मीटिंगमध्ये उघडते.

पँट आणि जीन्स

पँटची लांबी ठरवताना पायात बूट हवेत. फॉर्मल पँट बुटावर टेकून पुढे एक हलकी घडी पडली पाहिजे, मागे ती टाचेच्या वरच्या कडेशी थांबली पाहिजे. घोट्याशी तीन-चार वळ्या पडत असतील तर पँट लांब आहे, पाय बारीक आहेत असं नाही. मोहरी, म्हणजे पँटच्या पायाचा तळाचा घेर, जितकी निमुळती तितकी लांबी कमी हवी. 14 इंचांच्या आसपासची मोहरी बुटावर टेकतच नाही, ती साठते. तशी पँट घोट्याच्या हाडाजवळ संपलेली चांगली.

पँट कापण्याआधी दोन्ही पाय वेगळे मोजा. एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित लांब असणं किंवा एका बाजूची कंबर खाली असणं अगदी साधं आहे.

घरी तुरपाई करायची तर अशी:

1. बूट घालून उभे राहा, दुसऱ्या कुणालातरी टाचण्या लावू द्या. खाली वाकलात की माप बदललं.
2. पँट काढून टेबलावर पसरा, टाचणीच्या रेषेवर खडूनं खूण करा. खुणेखाली दीड इंच माया, म्हणजे शिवणीसाठी राखलेलं जास्तीचं कापड, ठेवून बाकीचं कापा. माया कमी ठेवली तर दुमड उलटते.
3. कडेला ओव्हरलॉक करून घ्या किंवा पाव इंच आत दुमडा. मग खुणेवर दुमडून इस्त्रीनं घडी पक्की करा. ही इस्त्री टाळली की टाके वाकडे जातात.
4. बारीक सुई, कापडाच्या रंगाचा एकेरी दोरा. आतल्या दुमडीतून सुई काढा, समोरच्या कापडाचा एखाद-दुसरा धागाच उचला, परत दुमडीत शिरा. टाका ओढून घट्ट करू नका. घट्ट टाक्याचा बाहेरून खड्डा दिसतो, आणि अंगठा अडकला की सगळी ओळ उसवते.
5. पुन्हा इस्त्री, आतल्या बाजूनं.

जीन्सचं गणित वेगळं. तिच्या मूळ काठाला धुऊन धुऊन जी फिकट झाक आलेली असते ती कापून टाकली की जीन्स दुरुस्त केलेली कळते. तो काठ ठेवूनच लांबी कमी करता येते. समजा दोन इंच कमी करायची आहे. पाय बाहेरच्या बाजूनं वर दुमडा. मूळ काठाची पट्टी जिथे संपते तिथून नव्या घडीपर्यंत एक इंच अंतर ठेवा. कमी करायच्या लांबीच्या निम्मं, कारण कापड दुहेरी आहे. काठाची पट्टी स्वतः मोजायची नाही. आता त्या पट्टीला अगदी चिकटून, पण पट्टीवर न चढता, गोल टीप मारा. काठ खाली उलटा, जास्तीचं कापड आत जातं, इस्त्रीनं दाबा. मूळ काठ जागेवर, लांबी दोन इंच कमी. मशीनला 16 नंबरची सुई लावा. रोजच्या कापडाची 14 नंबरची सुई जीन्सच्या जाड शिवणीवर मोडते. तिथे चाक हातानंच फिरवा.

कंबर सैल असेल तर फॉर्मल पँट आतून उलटी करून मागची मधली शिवण बघा. तिथे बहुतेकदा माया ठेवलेली असते, म्हणून ती शिवण आतही घेता येते आणि सैलही करता येते. दीड-दोन इंचांपर्यंत घेणं ठीक. त्यापुढे गेलात की मागचे दोन्ही खिसे एकमेकांना भेटायला येतात. जीन्सला अशी माया नसते. तिच्यासाठी पट्टीच्या आत इलॅस्टिक घाला. मागच्या बाजूला, पट्टीच्या फक्त आतल्या थराला दोन उभ्या चिरा द्या, इंचभर रुंद इलॅस्टिक सेफ्टी पिनेनं ओवा, थोडं ताणून दोन्ही टोकं पक्की शिवा. पट्टा रोज आवळण्यापेक्षा हे सुखाचं, आणि पुढून जीन्स सपाट राहते. आसन, म्हणजे कंबरेपासून मांड्यांच्या सांध्यापर्यंतची उंची, बसत नसेल तर मात्र नाद सोडा. तिथली दुरुस्ती क्वचितच जमते.

कुर्ता

सीटपाशी कुर्ता ताणला जात असेल तर बहुतेक जणी पुढचा मोठा साइझ घेतात, मग खांदा उतरतो. त्याऐवजी बाजूचा कट बघा. कट जिथे सुरू होतो ती जागा सीटच्या रुंद भागाच्या खाली आली असेल तर कापड अडकून वर चढतं आणि पोटावर आडव्या चुण्या पडतात. कट इंच-दीड इंच वर उघडा. शिवण उसवा, माया खालच्या कटाच्या दुमडीएवढीच आत वळवून तुरपाई करा, आणि कटाच्या टोकावर चार-पाच आडवे टाके घट्ट घाला. हे आडवे टाके विसरलात तर पहिल्यांदा रिक्षात चढतानाच कट फाटेल. उलट कट फार वर असेल तर तो खाली शिवून घेणं त्याहून सोपं.

कुर्त्याची लांबी पोटरीच्या सगळ्यात जाड भागावर संपत असेल तर उंची मार खाते. तिथून दोन इंच वर किंवा दोन इंच खाली न्या. बाहीचंही तसंच. छातीच्या रेषेत संपणारी बाही अंग रुंद दाखवते. कोपराच्या खाली गेलेली पाऊण बाही बहुतेकींना शोभते.

मोठ्या गळ्याचा कुर्ता खांद्यावरून घसरत असेल तर दोन इंच लांब रिबिनीचा तुकडा घ्या. एक टोक खांद्याच्या शिवणीला आतून पक्कं शिवा, दुसऱ्या टोकाला प्रेस बटणाचा अर्धा भाग, उरलेला अर्धा शिवणीवर. आतल्या कपड्याचा पट्टा त्यात अडकवून बटण दाबलं की गळा जागेवर राहतो. तुळशीबागेत किंवा दादरला शिवणसाहित्याच्या कुठल्याही दुकानात हे सामान किरकोळ पैशांत मिळतं.

ताणल्या जाणाऱ्या होजिअरी कापडाच्या कुर्त्याला किंवा टी-शर्टला सरळ टीप मारू नका. कापड ताणलं की दोरा तटकन तुटतो. झिगझॅग टीप हवी.

साडी आणि ब्लाउज

साडीची फिटिंग निम्मी परकरात असते. सुती साडीखाली सॅटिनचा परकर घातला तर निऱ्या घसरत राहतात, तिथे सुती परकरच हवा. घेरदार परकरामुळे सीट रुंद दिसते. अंगालगत बसणारा, खाली चालण्यापुरता पसरणारा परकर शिवून घ्या. नाडीची गाठ मधोमध बांधली की निऱ्यांखाली गोळा येतो. ती बाजूला घ्या.

उंची कमी असेल आणि साडीचा पन्हा, म्हणजे रुंदी, मोठा असेल तर जास्तीची साडी सगळी कंबरेत कोंबली जाते आणि पोट मोठं दिसतं. नेसण्याआधी साडीची वरची कड, खोचायच्या पूर्ण लांबीत, दोन-तीन इंच आतल्या बाजूला सपाट दुमडून इस्त्री करा. मग ती एकसारखी खोचली जाते. चप्पल आधी घाला, मग साडी नेसा. काठ जमिनीपासून अर्धा इंच वर राहू द्या. निऱ्या पाच-सहा पुरे, पाचेक इंच रुंद, तोंड डावीकडे. खोचण्याआधी बेंबीच्या खाली तीनेक इंचांवर त्या आतल्या बाजूनं पिनेनं एकत्र धरा. पिन परकराला लावली तर बसता-उठता साडी फाटते, ती फक्त निऱ्यांनाच लावायची. पदराची पिन ब्लाउजच्या आतून वर घ्या आणि पिनेत आधी एक छोटा मणी ओवा. कापड पिनेच्या वळणात अडकत नाही, जरीचे धागे ओढले जात नाहीत.

ब्लाउज शिवायला टाकताना "बाजूला इंच-दीड इंच माया ठेवा" हे सांगायलाच हवं. काही टेलर न सांगता ठेवतात, काही कापून टाकतात. ब्लाउज घट्ट झाल्यावर उसवून सैल करताना दोन्ही बाजूंनी सारखंच सोडा, आणि टीप बाहीच्या टोकापासून कंबरेपर्यंत एकसंध जाऊ द्या. फक्त कंबरेत सोडलं तर बगलेत काचतं ते काचतंच.

टेलरकडे जाताना

"जरा फिटिंग करा" असं मोघम सांगू नका. कपडा तिथे घालून दाखवा, टाचण्या लावून घ्या, पँट असेल तर बूट घालूनच जा. एका वेळी एकच बदल सांगा, तो झाला की घालून बघा, मग पुढचा. "काका, बाजूनं नको, पाठीत टक्स घाला. आणि माया कापू नका," असं नेमकं सांगितलं की काम नेमकं होतं. ते म्हणतील, "ताई, माया आत टोचेल." टोचेल असं वाटलं तर ओव्हरलॉक करून घ्या, पण कापड राहू द्या. लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी अशी बारीक कामं टेलर घेत नाहीत किंवा घाईत उरकतात. ती आषाढात काढा, तेव्हा त्यांच्याकडे वेळ असतो आणि तुम्हालाही दोनदा जाऊन घालून बघता येतं.